हिरवळीवरची पांढरी छत्री

पाऊस स्थिरावला की सोसायटीच्या हिरवळीवर, शाळेच्या मैदानात आणि गुरांच्या कुरणात रातोरात पांढऱ्या छत्र्या उगवतात. त्यांतली एक चांगली दांडगी असते. कोवळेपणी चेंडूसारखी गोल, उमलली की कधी ताटाएवढी. माथ्यावर तपकिरी खवले, देठाला सरकते कडे. शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. ती विषारी आहे.

माझ्या परिचयातले एक गृहस्थ कोकणात वारुळावरची अळंबी खात वाढलेले. शहरात घरासमोरच्या गवतात तशाच छत्र्या दिसल्या आणि त्यांनी हौसेने भाजी केली. जेवण होऊन दोन तास झाले नाहीत तोच घरातल्या सगळ्यांना उलट्या, पोटात कळा आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. सलाईन लागले. सगळे बरे झाले, पण त्यातल्या लहान मुलीचे हाल पाहवत नव्हते.

त्यांचा अनुभव खोटा नव्हता, जागा बदलली होती. वारुळावरच्या अळंबीचा देठ मुळासारखा खोल जाऊन जमिनीतल्या वाळवीच्या घरट्याला भिडतो. हिरवळीवरची ही छत्री कुजलेल्या पाल्यापाचोळ्यावर जगते, अनेकदा गोल रिंगण धरून उगवते. छत्रीखालचे पातळ पडदे पिकल्यावर हिरवट होतात, ही तिची मोठी खूण. मात्र कोवळेपणी ते पांढरेच असतात आणि नेमक्या कोवळ्या छत्र्याच लोक खुडतात! पिकलेली छत्री पांढऱ्या कागदावर पालथी घालून रात्रभर वाटीखाली झाकली, तर सकाळी बीजाणूंची हिरवट भुकटी दिसते. भुकटी हिरवी नाही म्हणून अळंबी खाण्याजोगी ठरते, असे मात्र मुळीच नाही.

चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलतो का, किड्यांनी खाल्ली आहे का, या परीक्षांवर कोणी विसंबू नये. त्यांतून विष ओळखता येत नाही. भाजी शिजवली होती तरी बाधा झाल्याची उदाहरणे आहेत.

बाधा झालीच, तर उलट्या थांबण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. उरलेली अळंबी कागदी पिशवीत घालून सोबत न्यावी आणि ती किती वाजता खाल्ली हे डॉक्टरांना सांगावे. या वेळेला फार महत्त्व आहे. हिरवळीवरच्या छत्रीचा त्रास सहसा एक ते तीन तासांत सुरू होतो. सहा तासांनंतर सुरू झाला, तर यकृत निकामी करणाऱ्या दुसऱ्या अळंबीची शंका येते. त्या विषबाधेत मधे रोग्याला बरे वाटू लागते, तेव्हाही त्याला घरी आणू नये.