आधी रेषा ओढ, मग पाना उचल

इंजिनाचे घोडे मोजत बसू नकोस, बाळा. क्वार्टर माइल म्हणजे 402 मीटर खरे, पण पहिल्या 60 फुटांत जो मागे पडला त्याला पुढे ते भरून काढताना नाकी नऊ येतात. तेव्हा आधी गाडीखाली जा.

तुझ्या फॉक्स बॉडी मस्टँगचा मागचा ॲक्सल चार आर्मवर धरलेला आहे, दोन वरचे, दोन खालचे. गाडी सपाट फरशीवर घे, सीटवर तुझ्या वजनाइतकं ओझं ठेव. ओळंबा आणि टेप लावून प्रत्येक बोल्टाची जागा ग्राफ पेपरवर उतरव. बाजूने पाहिल्यावर वरच्या आर्मची रेषा आणि खालच्या आर्मची रेषा पुढे जिथे मिळतात, तो छेदबिंदू शोध. तिथे ना बोल्ट असतो ना ब्रॅकेट, तरी सुटताना ॲक्सल गाडीला तिथूनच ढकलतो.

आता दुसरी रेषा. मागचं टायर जमिनीला टेकतं तिथून निघायचं आणि पुढच्या ॲक्सलच्या बरोबर वर, गुरुत्वमध्याच्या उंचीला पोचायचं. व्हीलबेस 100 इंच आणि गुरुत्वमध्य 20 इंचांवर धरला, तर मागून 50 इंचांवर ही रेषा 10 इंच उंच येते. छेदबिंदू तिच्या वर असला तर सुटताना गाडीची मागची बाजू उठते, खाली असला तर बसते.

पण बूड उठलं म्हणजे जास्त वजन मिळालं, असं समजू नकोस. 3200 पौंडांची गाडी 1 जी वेगवाढीने सुटली तर याच मापांनी 640 पौंड मागे जाणारच, बूड उठो की बसो. ते किती झटकन टायरवर येतं, एवढंच आर्म ठरवतात.

खालच्या आर्मचं ॲक्सलकडचं टोक खाली घेणारे ब्रॅकेट मिळतात. बोल्ट एक भोक खाली गेला की छेदबिंदू वर चढतो आणि जवळही येतो. पोरं थेट शेवटचं भोक गाठतात. पहिला दणका झकास बसतो, स्लिक टायरच्या कडेला सुरकुत्या पडतात, आणि बूड उठायचं थांबलं की दाब ओसरून टायर फिरायला लागतं. म्हणून एका वेळी एकच भोक. उठणं फार झटक्यात होत असेल तर मागच्या शॉकचं रिबाउंड घट्ट कर. आणि दिसायला बरी म्हणून कुणी गाडी खाली बसवली असेल, तर आर्मचं पुढचं टोकही खाली गेलेलं असतं. ते आधी निस्तर.

फोन जमिनीलगत ठेवून स्लो मोशनमध्ये शूटिंग घे. पुढची चाकं उचलली की लोक शिट्ट्या मारतात, मारू देत. तू मागचं टायर आणि फेंडरची कड यांच्यातली फट बघ. कधी वाढते, कधी मिटते, ते 60 फुटांच्या वेळेशेजारी वहीत लिही.

इकडे डेट्रॉइटला क्राइसलरवाले साध्या पाट्यांच्या स्प्रिंगांवर हे साधायचे. त्यांच्या सुपर स्टॉक ड्रॅग गाड्यांचे उजवे-डावे पाटे वेगळे असत, आणि पिनियनच्या नाकावर फ्लोअरला टेकणारा रबरी ठोकळा. ओबडधोबड, पण डोकं होतं त्यात! उजवा-डावा भेद का, तर प्रॉपेलर शाफ्टचा पीळ ॲक्सलचं उजवं टोक उचलू बघतो. तुझ्या गाडीत त्यावर उजव्या स्प्रिंगमध्ये एअर बॅग घालतात. हवा थोडी थोडी वाढवत जा, गाडी सरळ सुटेपर्यंत.