आधी वाक्य वाचा, मग शब्द

नवोदय विद्यालयाच्या सहावी प्रवेश परीक्षेत ८० प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यातले २० प्रश्न भाषेचे, म्हणजे २५ गुणांचे. पेपर मराठीतूनही देता येतो. भाषेचे प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि उताऱ्यातल्या एखाद्या शब्दाचा अर्थही त्यांत विचारतात. तरीही पालक पाचवीच्या मुलाकडून समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून घेतात. मला हे पटत नाही. अर्थ शोधायचा उताऱ्यात, आणि सराव मात्र यादीचा!

बदलापूरजवळच्या चामटोली गावातल्या मुलांनी २७ जुलै २०१९ची गोष्ट मोठ्यांकडून ऐकलेली असते. उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये, याच परिसरात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्यावर सरावासाठी मी रचलेली ही वाक्ये पाहा: “गाडीभोवती पाणी वाढत होते आणि गावात पुरेशा बोटी नव्हत्या, म्हणून बचाव पथकाला पाचारण करण्यात आले. पथक आले आणि प्रवासी सुखरूप बाहेर पडले.”

‘पाचारण’ म्हणजे काय? पर्याय आहेत: उपचार, पाठवणे, बोलावणे, सन्मान. ‘उपचार’ कानाला जवळचा वाटतो, म्हणून घाईत मूल तोच निवडते. पण पथक आजारी नव्हते आणि ती सत्काराची वेळही नव्हती. दोन पर्याय गेले. उरलेले दोन्ही मात्र वाक्यात नीट बसतात. “पथकाला पाठवण्यात आले” असेही आपण म्हणतोच. इथे मुलाला मागे-पुढे पाहायला शिकवा. गावात पुरेशा बोटी नव्हत्या, म्हणजे मदत बाहेरून हवी होती. पुढच्या वाक्यात पथक ‘आले’ आहे, ‘गेले’ नाही. म्हणून उत्तर ‘बोलावणे’. शब्द आधी माहीत नसतानाही ते मिळाले.

मोठ्या मुलांची इंग्रजीची धास्तीही याच सवयीने कमी होते. सरकारी नोकरीसाठीच्या एसएससी सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण जातो. हे वाक्य पाहा: “द व्हिलेजर्स वेअर रिलक्टंट टू लीव्ह देअर होम्स, बट द रायझिंग वॉटर लेफ्ट देम नो चॉइस.” ‘रिलक्टंट’ अडला तरी ‘बट’वर थांबा. पाण्यामुळे दुसरा मार्ग उरला नाही, म्हणजे आधी घर सोडायला मन तयार नव्हते. बट, दो, अनलाइक, बिकॉज हे शब्द दिसले की पेन्सिलीने खूण करावी. अमेरिकेतल्या एसएटी परीक्षेनेही २०१६मध्ये रिकाम्या जागा भरायचे प्रश्न काढून टाकले आणि उताऱ्यातल्या शब्दांच्या अर्थावर भर दिला.

याला मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. सीजीएलमध्ये नुसता शब्द देऊन समानार्थी विचारतात, वाक्प्रचारही विचारतात. तिथे आधाराला वाक्य नसते. त्यासाठी वाचन लागते आणि थोडे पाठांतरही. पण वाक्यातून भेटलेला शब्द यादीतल्या शब्दापेक्षा जास्त टिकतो, हा माझा अनुभव आहे.

पालकांना एक विनंती. संध्याकाळी मूल वर्तमानपत्र वाचताना एखाद्या शब्दापाशी अडले, तर लगेच अर्थ सांगू नका. “तुला काय वाटतं?” असे विचारा आणि उत्तर आले की “कशावरून?” हेही विचारा. तुम्हाला इंग्रजी येत नसले, तरी हे दोन प्रश्न तुम्ही विचारू शकता.