संध्याकाळचं जेवण आणि संध्याकाळची गोळी

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी पाचनंतर खाणं बंद केलं. वय ४९, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७४ किलो. साडेसात आठवडे नियम पाळला आणि एकदाही मोडला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ‘तुम्ही चोरून खात असणार’ असं मला ऐकावं लागलं आणि ते अजून डोक्यातून जात नाही.

वजन उतरवून देणाऱ्या एका ताईंच्या ग्रुपमध्ये मला आमच्या शाळेतल्याच एका बाईंनी घेतलं. तीन महिन्यांचे ४,५०० रुपये. नियम एकच आणि सोपा: पाचच्या आत शेवटचा घास, मग सकाळी दहापर्यंत फक्त पाणी, कोरा चहा किंवा साखर न घातलेलं लिंबूपाणी. ‘सूर्य मावळला की जठराग्नी मावळतो, त्यानंतर पोटात गेलेला प्रत्येक घास चरबी होतो’ हे वाक्य रोज सकाळी ग्रुपवर यायचं. सुरुवातीला एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात ‘चालू औषधे’ असा रकाना होता आणि मी त्यात स्पष्ट लिहिलं होतं: मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ आणि मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ एकत्र गोळी, सकाळी नाश्त्याआधी एक, रात्री जेवणाआधी एक. त्या फॉर्मचा फोटो माझ्या फोनमध्ये आजही आहे. रात्रीच्या गोळीचं काय करायचं, असं मी वेगळं विचारलंही होतं. उत्तर आलं, ‘गोळ्या चालू ठेवा, हळूहळू आपोआप सुटतील.’

मी चालू ठेवली. रात्री आठला पाण्याबरोबर, रोज. औषध चुकवायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

पहिल्या आठवड्यात अडीच किलो गेलं. त्या आनंदाचं काय सांगू! मंगळसूत्राखालची घडी कमी झाली, जिना चढताना धाप कमी लागली. शरीरात साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, आपल्या एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते आणि खाणं एकदम तोडलं की आधी तेच उतरतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. अडीच किलोतलं बरंचसं पाणी होतं. मी ती चरबी समजून पेढे वाटले.

शाळेतही एक गोष्ट होत होती, पण तिच्याकडे तेव्हा माझं लक्षच नव्हतं. रात्रभर उपाशी राहायचंय या धास्तीने मी साडेचारला स्टाफरूममध्ये घाईघाईने खायचे. डबा संपलेला असायचा, म्हणून समोरच्या टपरीवरून वडापाव, नाहीतर कांदाभजी. पोळीभाजीचं जेवण सुटलं आणि त्या जागी मैदा, बटाटा, तेल आलं. ग्रुपच्या हिशेबात ते ‘पाचच्या आत’ होतं, म्हणून चालत होतं.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी उद्यापन होतं. सकाळपासून उपवास, दुपारी वाटीभर साबुदाण्याची खिचडी. शाळेतून आल्यावर पुरण वाटलं, घट सजवला, कहाणी वाचली, नैवेद्य दाखवला. सात सवाष्णी आल्या. हळदीकुंकू लावून प्रत्येकीच्या हातावर फळ आणि पोथी ठेवली. घरातल्या सगळ्यांनी पुरणपोळी खाल्ली. हा उपवास संध्याकाळी नैवेद्याने सोडायचा असतो, हे साताऱ्यातली प्रत्येक बाई जाणते. पण साडेसात वाजले होते. सासूबाई दोनदा म्हणाल्या, “अगं, लक्ष्मीचा प्रसाद आहे, चतकोर तरी खा.” मी नुसता हात लावून नमस्कार केला, आठ वाजता गोळी घेतली आणि सगळं आवरून झोपले.

साडेअकराच्या सुमारास जाग आली. डिसेंबरातली साताऱ्याची थंडी, आणि अंगावरची गोधडी ओली होती. छातीत धडधड, हात थरथरत होते. भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, पण किती वाजले ते कळत नव्हतं. यांना हाक मारायला गेले तर तोंडून लेकीचं नाव आलं. हे म्हणाले, “दमलीस आज, झोप.” माझ्या आवाजाने सासूबाई उठून आल्या. सासऱ्यांना पंचवीस वर्षं साखर होती, त्यांनी हे पाहिलेलं होतं. माझ्या कपाळाला हात लावून त्या एवढंच म्हणाल्या, “साखर उतरलीय हिची.” लेकीने ग्लुकोमीटर आणला. ४६.

पाण्यात तीन चमचे साखर ढवळून त्यांनी मला पाजली. मी शुद्धीवर होते आणि गिळता येत होतं, म्हणून ते जमलं. पंधरा मिनिटांनी ६३. पुन्हा तेवढीच साखर. मग ८८. तेव्हा त्यांनी त्याच नैवेद्यातली पोळी दुधात कुस्करून मला भरवली. ४९ वर्षांच्या सुनेला, लहान मुलीसारखं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वजन विचारलं नाही, आहार विचारला नाही. पहिला प्रश्न, “रात्रीची गोळी घेतली होती?” मी हो म्हटलं. “आणि जेवण?” मी गप्प. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही जेवला नाहीत हे गोळीला कुठे माहीत आहे? ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो.”

त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला सगळं लख्ख दिसलं. आदल्या महिन्यात तीन-चार वेळा पहाटे घाम येऊन जाग आली होती, सकाळी डोकं दुखायचं, वर्गात पोरांवर विनाकारण ओरडायचे. मी ग्रुपवर ते लिहिलंही होतं. उत्तर होतं, ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय, चांगली खूण आहे.’ तो घाम घाणीचा नव्हता. रात्री साखर खाली जात होती, आणि मी ग्रुपवरच्या टाळ्यांच्या खुणा बघत बसले होते.

आता ताईंचं वागणं. मी फोन केला. त्यांनी आधी विचारलं, “चोरून काही गोड खाल्लं होतं का? त्याने अशी उलटापालट होते.” मग म्हणाल्या, “मनाने घेतलंय तुम्ही.” मीटरवरचा आकडा सांगितला तेव्हा म्हणाल्या, “घरच्या मशिनी चुकतात.” मी ग्रुपवर साध्या शब्दांत लिहिलं, की साखरेची गोळी चालू असणाऱ्यांनी रात्रीचं जेवण बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा, माझी साखर ४६ झाली होती. कुणालाही दोष दिला नव्हता. अर्ध्या तासात माझा संदेश गेला आणि मागोमाग मीही ग्रुपबाहेर. त्या ग्रुपमध्ये माझ्यासारख्या गोळ्या घेणाऱ्या निदान चार बायका होत्या, हे मला गप्पांतून माहीत होतं. पैसे बुडाले त्याचं मला एवढं काही नाही. त्या चौघींपर्यंत तो संदेश पोचू दिला नाही, हे मी विसरू शकत नाही.

जे मी किंमत मोजून शिकले, ते आधी सांगते. तुमच्या गोळीच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांपैकी नाव असेल, किंवा इन्सुलिन घेत असाल, तर डॉक्टरांनी डोस बदलून दिल्याशिवाय एकही जेवण गाळू नका. ब्रँडचं नाव बघून कळत नाही, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते वाचा. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर अशी सहसा कोसळत नाही, पण एकत्र गोळीत दुसरं काय आहे ते बघा. ७० च्या खाली आकडा आला की साखर कमी, ५४ च्या खाली धोका. अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, कमीच असेल तर पुन्हा घ्यायची. आकडा वर आला म्हणून लगेच झोपायचं नाही, काहीतरी खायचं, कारण ग्लिमेपिराइडचा अंमल लवकर उतरत नाही आणि साखर पुन्हा घसरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी असेल तर धडधड आणि थरथर कदाचित जाणवणार नाही, घाम मात्र येईल. त्या घामाला हसण्यावारी नेऊ नका.

आणि संध्याकाळचं न खाण्याने वजन उतरतं का? उतरतं, कारण एक जेवण कमी होतं. घड्याळात फार काही जादू नाही. लेक कराडला फार्मसी शिकते, तिने मला एक अभ्यास वाचून दाखवला. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ लठ्ठ माणसांना वर्षभर सारख्याच मोजमापाचं कमी खाणं दिलं. अर्ध्यांनी ते सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नाही. २०२२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला: एका गटाचं सरासरी ८ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६.३, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. दोन्ही गटांचं वजन उतरलं ते कमी खाल्ल्याने. लवकर जेवण्याचा फायदा नाहीच असं मी म्हणत नाही. तेच अन्न रात्री खाल्लं तर रक्तातली साखर सकाळपेक्षा जास्त चढते, हे खरं आहे. पण लवकर जेवणं वेगळं आणि न जेवणं वेगळं. सासूबाई म्हणतात, “आम्ही दिवेलागणीला जेवायचो, पण जेवायचो.” आमच्या शेजारचं जैन कुटुंब सूर्यास्तानंतर खात नाही, पण त्यांच्याकडे सहा वाजता गरम ताट मांडलेलं असतं आणि ते धर्मासाठी आहे, काट्यासाठी नाही.

त्या रात्रीनंतर मी नियम सोडला आणि दोन महिन्यांत ६८ वरून ७३ वर आले. तेव्हाही मीच कमी पडले असं वाटून रडले होते. आता तसं वाटत नाही. जो नियम आयुष्यभर पाळता येणार नाही, त्याने उतरलेलं वजन परत येणारच.

डॉक्टरांनी रात्रीचं ग्लिमेपिराइड बंद केलं, मेटफॉर्मिन ठेवलं. मी सव्वासातला जेवते: एक ज्वारीची भाकरी, मुगाची किंवा मटकीची उसळ, कोशिंबीर, ताक. घरचे नऊला जेवतात, त्यांना वाढते आणि स्वतः ताट घेत नाही. सुरुवातीला हे जड गेलं. चार वाजता भाजलेले फुटाणे पर्समध्ये असतात, टपरी बंद. बाकी पाणी प्या, रोज चाला, झोप नीट घ्या, हे सगळ्यांना ठाऊकच आहे. नऊ महिन्यांत वजन ६९ वर आलंय. सावकाश, पण तीन महिने तिथेच आहे.

ताईंच्या नव्या जाहिरातीत माझा फोटो आहे. डावीकडे ७४, उजवीकडे ६८, खाली ‘फक्त संध्याकाळचं जेवण बंद करून’. काढून टाका म्हणून मी तीनदा लिहिलं. तिन्ही संदेश वाचलेले दिसतात, उत्तर नाही. हिरव्या काठाच्या अबोली साडीतल्या बाईचा तो फोटो तुमच्याकडे आला आणि तुमच्या घरात कुणी साखरेची गोळी घेत असेल, तर पैसे भरण्याआधी पाकीट उलटं करून औषधाचं नाव वाचा. उजवीकडच्या फोटोनंतर आठ दिवसांनी त्या बाईची साखर ४६ होती.