ट्रे उघडून बघा

चिपळुणात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पुढे विक्री, मागे दुरुस्ती. पाऊस लागला की काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो, "डासांसाठी स्वस्तात काय आहे हो?" विकणाऱ्याने आपल्याच मालाबद्दल फार बोलू नये म्हणतात. पण तोच माल चार महिन्यांनी बंद पडून मागच्या टेबलावर येतो, आणि तेव्हा त्याच्या पोटात काय आहे ते सगळं दिसतं. त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी निळ्या दिव्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त समज-गैरसमज त्याच्याभोवतीच आहेत. भातं पोटरीला आलेली असताना आमच्या आळीतल्या एक काकू त्यांचा दिवा घेऊन आल्या. तक्रार नव्हती, उलट कौतुकच होतं. "रोज मूठभर डास मारतो रे, पण तरी घरात चावतातच. याची पॉवर वाढवून मिळेल का?" मी खालचा ट्रे काढून वर्तमानपत्रावर उपडा केला आणि चिमट्याने एकेक बाजूला केलं. हिरवे तुडतुडे पुष्कळ, शेतावरून आलेले. बारीक पतंग, त्यांच्या पंखांची राखाडी भुकटी. काळे भुंगेरे. आणि डासासारखे दिसणारे, लांब पायांचे बरेच. काकूंनी त्यांच्यावरच बोट ठेवलं, "हे बघ, हे डासच ना?" भिंग त्यांच्या हातात दिलं. डासाला डोक्यापुढे सुईसारखी लांब सोंड असते. यांना ती नव्हतीच. ही पाणथळ जागेत वाढणारी चिलटं, कोणाला चावत नाहीत. सोंडवाले शोधून शोधून दोन-तीन मिळाले.

यात दिव्याचा दोष नाही. तो प्रकाशावर येणाऱ्यांना मारतो आणि चावणारी डासाची मादी प्रकाश बघून येतच नाही म्हटलं तरी चालेल. ती आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागाने येते, जवळ आल्यावर अंगाची ऊब आणि घामाचा वास हुंगते. खोलीत दिवा आणि माणूस दोन्ही असले तर तिचं गिऱ्हाईक माणूस. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. भातावरच्या तुडतुड्यांना तो प्रकाश सापळा लावतो, फळमाशीला कामगंध सापळा. ज्या किडीला जे आमिष, ते. शहाणा शेतकरीसुद्धा घरात मात्र डासांना तुडतुड्यांचं आमिष लावून बसतो, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९९४ च्या उन्हाळ्यात हेच काम नीट केलं. सहा घरांच्या अंगणातल्या अशा दिव्यांत मेलेले कीटक त्यांनी मोजले. एकूण १३,७८९ भरले आणि त्यांत चावणारे फक्त ३१. उलट इतर किडींवर जगणारे मित्रकीटक १,८६८. म्हणजे शेजाऱ्याच्या शेताचे राखणदार आपण वीज जाळून मारतो. 'चट्ट' असा मोठा आवाज आला की मनाला बरं वाटतं खरं, पण तो आवाज बहुतेक वेळा पतंगाचा असतो.

त्यात भर म्हणजे डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. आपण दिवा लावतो रात्री झोपताना. स्वस्त दिव्यांत आणखी एक गोम असते. कीटकांना ओढणारा अतिनील प्रकाश ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा. त्याऐवजी साधे जांभळे एलईडी बसवले की वस्तू स्वस्त होते, आणि माणसाच्या डोळ्यांना ती उलट जास्तच झगझगीत दिसते.

मिठाईच्या दुकानात किंवा खानावळीत माश्यांसाठी अतिनील दिव्याचा उपयोग आहे. पण तिथे झटका देणारा नको, आत चिकट कागद असलेला घ्या. झटक्याने माशीचे तुकडे उडतात आणि ते कुठे पडतील याचा नेम नाही. त्यातली ट्यूब चालू दिसते म्हणून वर्षानुवर्षं ठेवायचीही नसते. निळा उजेड राहतो, अतिनील मात्र कमी होत जातो.

सॉकेटमध्ये खोचायचं आणि 'ऐकू न येणाऱ्या आवाजाने' डास, पाली, झुरळं पळवणारं यंत्र मी विकत नाही. विषय तिथे संपतो. तरी कोणी आग्रह धरला तर सांगतो, की कॉक्रेन या संस्थेने २००७ मध्ये अशा यंत्रांच्या १० प्रत्यक्ष चाचण्यांचा आढावा घेतला, डास चावण्यात काहीच फरक आढळला नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्ये साठाहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना बजावलं होतं, की शास्त्रीय पुरावा असल्याशिवाय असे दावे करू नका. दुरुस्तीला आलेली यातली काही मी उघडली आहेत. एक छोटी चकती, थोडी सर्किटची नक्षी आणि समोर लुकलुकणारा दिवा. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या लुकलुकण्याचे.

बॅट मात्र घ्या. तीन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या या सगळ्या मालात खऱ्या अर्थाने डास मारणारी वस्तू तीच, कारण तिथे डासाने आपल्याकडे यायची वाट बघायची नसते, आपण त्याच्याकडे जातो. मच्छरदाणीत शिरलेला एखादा, बाथरूमच्या कोपऱ्यातले दोन-चार, यांच्यासाठी ती उत्तम. गल्लीतले डास मात्र तिने कमी होत नाहीत.

घेताना तीन पदरी जाळी बघा, म्हणजे मधली विजेची जाळी दोन्ही बाजूंनी झाकलेली असते आणि बोट सहज पोचत नाही. बटण दाबून धरलं तरच चालणारी घ्या. चार्जिंग कसं होतं ते जरूर विचारा. मुठीतून दोन पिना बाहेर येतात आणि थेट बोर्डात खोचायच्या असतात, त्या स्वस्त बॅटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. एका कपॅसिटरवर २३० व्होल्ट अडवून आतली ४ व्होल्टची शिशाची बॅटरी भरतात. चालतं ते. पण बॅट बोर्डाला जोडलेली असताना आतली प्रत्येक तार मेनला जोडलेली आहे असंच समजायचं. एका गिऱ्हाईकाने एक्स्टेंशनवर चार्जिंगला लावलेली बॅट तशीच उचलून फिरवली, मूठ तडकलेली होती, आणि हात कोपरापर्यंत बधिर झाला. बोर्डातून काढल्या काढल्या पिनांना बोट लावलं तरी झटका बसतो. यापेक्षा शे-दीडशे जास्त देऊन मोबाइलच्या चार्जरवर भरणारी बॅट घ्यावी. घरात लहान मूल असेल तर तीच.

साफ करताना बटण सोडल्यावर लगेच जाळीला हात नको, कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असते. प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर जाळ्यांना आडवा टेकवा, ठिणगी उडून ती संपते, मग ब्रश फिरवा. डासांचा फवारा मारलेल्या खोलीत किंवा गॅसचा वास येत असताना बॅट चालवू नका. तिचं कामच ठिणगी पाडायचं आहे.

आता जे मी विकत नाही ते. फ्रीज दुरुस्तीला गेलो की मागचा पाण्याचा ट्रे आधी बघतो. कित्येक घरांत त्यात वळवळणाऱ्या अळ्या असतात, आणि पुढच्या खोलीत निळा दिवा जळत असतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा तो ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, कूलर, परसातल्या करवंट्या आणि टायर उपडे करायचे. नुसतं ओतून भागत नाही, आतून घासायचं, कारण एडिसची अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात. खिडकीला जाळी बसवायचा खर्च एकदाच होतो. पंख्याच्या जोराच्या वाऱ्यात डासाला धड उडता येत नाही, तेव्हा पायांकडे एक टेबलफॅन लावला तरी फरक पडतो.

बॅट थंडीत कपाटात टाकणार असाल तर पूर्ण चार्ज करून ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरा. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की मरते, दुरुस्तीला येणाऱ्या बॅटींत हेच दुखणं जास्त. रात्रभर विसरून चार्जिंगला ठेवलेली फुगते. तशी फुगलेली असेल तर कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, माझ्यासारख्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे द्या. जुनं शिसं भंगारात विकलं जातं, त्यामुळे तो नाही म्हणणार नाही.