आधी बघ, मग भांड

जालना
२७ जानेवारी २०२६

चि. ओंकार यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

गुरुवारी संध्याकाळी ऑस्करची नामांकनं जाहीर झाली आणि परतूरहून तुझे निरोप सुरू झाले. "सगळं फिक्स असतं." "गोऱ्यांना आपलं दुःख कळत नाही." "आता ऑस्कर बघणं बंद." यातलं शेवटचं वाक्य तू मागच्या वर्षीही लिहिलं होतंस, त्यामुळे ते मी सोडून देते. पहिल्या दोन वाक्यांबद्दल मात्र बोलायचंय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या रागाची बाजू घेते. भारताने पाठवलेला नीरज घायवानचा 'होमबाउंड' परदेशी सिनेमांच्या विभागात पहिल्या पंधरांत पोचला आणि शेवटच्या पाचांत आला नाही, याचं मलाही वाईट वाटलं. आपल्या जिल्ह्यात बसून तो सिनेमा बघणाऱ्याला तो जास्तच लागतो. ८ मे २०२० ची पहाट तुला कितपत आठवते, माहीत नाही. तू तेव्हा शाळेत होतास. जालन्यातल्या पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशातले मजूर टाळेबंदीत रुळांच्या कडेने चालत निघाले होते. भुसावळला गाडी मिळेल अशी आशा होती. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर पसरलेल्या पोळ्यांचे फोटो देशभर छापून आले. 'होमबाउंड'मधले दोघे मित्र उत्तरेकडचे, पोलीस भरतीची स्वप्नं बघणारे, आणि टाळेबंदीत सुरतेहून घरी निघालेले. पण सिनेमा संपल्यावर माझ्या डोक्यात सुरत नव्हती, बदनापूरच्या पुढचा रेल्वेमार्ग होता. तुझंही तसंच झालं असणार.

म्हणूनच सांगते, त्या सिनेमाला मतं कमी पडली म्हणजे त्या सोळा जणांना कुणी नाकारलं, असं मनात धरून बसू नकोस. मत देणाऱ्यांपुढे तो प्रश्नच नव्हता. त्यांच्यापुढे सिनेमे होते. आणि ते कुठले होते, हे तू बघितलंस का? ट्युनिशियाने पाठवलेला 'द व्हॉइस ऑफ हिंद रजब' त्या पाचांत आहे. गाझात गोळीबारात सापडलेल्या गाडीतून एक लहानगी मदतीसाठी फोनवर बोलत राहिली, मदत पोचली नाही, आणि दिग्दर्शिका कौथर बेन हनियाने त्या मुलीचा खरा, ध्वनिमुद्रित आवाजच सिनेमात वापरला आहे. आता मला सांग, "त्यांना दुःख कळत नाही" हे वाक्य या यादीपुढे टिकतं का? आपलं दुःख मोठं की तिचं, अशी मोजणी तू करणार आहेस का? मी करणार नाही.

दुसरा आहे जाफर पनाहीचा 'इट वॉज जस्ट अॅन अॅक्सिडेंट'. या माणसाला इराणच्या सरकारने तुरुंगात टाकलं, सिनेमा काढायला बंदी घातली. त्याने हा सिनेमा इराणमध्येच, परवानगी न घेता, गुपचूप काढला आणि २०२५ मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. ऑस्करला तो फ्रान्सच्या नावाने गेला आहे. आपला देश आपल्याला पाठवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एका देशाचा एकच सिनेमा, आणि तो देशाने नेमलेल्या समितीनेच निवडायचा, या नियमात किती गोम आहे ते यावरून कळेल. रागवायचंच असेल तर या नियमावर रागव. मीही तुझ्याबरोबर येते.

आता "फिक्स"चं बघू. ऐंशीहून जास्त देशांचे सिनेमे येतात. अकादमीचे जे सदस्य हे काम अंगावर घेतात, ते त्यातून पंधरा काढतात. पंधरांतले पाच निवडायचे तर सगळे पंधरा बघितल्याशिवाय मत देता येत नाही. यंदापासून शेवटच्या फेरीतही, कुठल्याही विभागात, सगळी नामांकनं बघितली असतील तरच मत, असा नियम आला आहे. (इतकी वर्षं तो नव्हता, हे ऐकून मला हसू आलं. सिनेमा लावून ठेवून पोळ्या लाटायला जाणारे तिकडेही असणारच.) पण कागदावर तरी त्यांना पंधराच्या पंधरा बघावे लागतात. तू त्यातले किती बघितलेस? एक. आणि त्या एकाच्या जोरावर उरलेले चौदा निकामी ठरवून मोकळा झालास.

लॉबीचं म्हणशील, तर ती चोरून होत नाही, उघड होते आणि तिला पैसा लागतो. सदस्यांसाठी खेळ लावायचे, जाहिराती द्यायच्या, दिग्दर्शकाला तिकडे महिना-महिना ठेवायचं. २००४ मध्ये संदीप सावंतच्या 'श्वास'ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं. त्यानंतर पन्नास वर्षांनी मराठीला हा मान मिळाला. मग तोच सिनेमा भारताकडून ऑस्करला गेला आणि पोचल्यावर लक्षात आलं, की तीसेक लाखांत काढलेल्या सिनेमाच्या प्रचाराला त्याहून कितीतरी जास्त पैसे लागणार. तुला खोटं वाटेल, पण महाराष्ट्राने अक्षरशः वर्गणी काढली. शाळकरी मुलांनी पैसे जमवले, नाटकवाल्यांनी प्रयोगाचं उत्पन्न दिलं, संदीप पाटील यांनी आपली बॅट लिलावाला काढली. आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीतही एक डबा फिरला होता. तुझ्या आजोबांनी त्यात पैसे टाकताना विचारलं होतं, "पोराचा डोळा वाचतो का शेवटी?" मी सांगितलं, नाही वाचत. "मग अमेरिकावाले काय देतील!" म्हणाले, आणि तरीही टाकले.

'श्वास'ला नामांकन मिळालं नाही. त्या वर्षीची ऑस्करची बाहुली स्पेनच्या 'द सी इनसाइड'ला गेली. मानेखाली पूर्ण लुळा झालेला एक माणूस स्वतःच्या मरणाचा हक्क मागतो, अशी ती गोष्ट आहे. ऑपरेशनआधी नातवाला डोळे भरून जग दाखवायला दवाखान्यातून घेऊन जाणारे आपले अरुण नलावडे आणि खिडकीतून समुद्राची स्वप्नं बघणारा तो हाविएर बार्देम, हे दोन सिनेमे एका आठवड्यात बघ. माझं मत विचारशील तर दवाखान्यातली माणसं 'श्वास'मध्ये जास्त खरी आहेत. तिथला डॉक्टर, तिथली समाजसेविका, अर्ज भरताना आजोबांची उडणारी धांदल, यात एक कण खोटा नाही. पण 'द सी इनसाइड'मध्ये विनोद आहे, मरणाच्या तोंडावरचा विनोद, आणि तो 'श्वास'ला साधलेला नाही. हे मी दोन्ही बघितले म्हणून म्हणू शकते. एकच बघितला असता तर माझ्याकडे फक्त अभिमान असता.

माझं तुला सांगणं एवढंच आहे: ज्या सिनेमाने आपल्याला मागे टाकलं, तो आधी बघ. मग खुशाल भांड. 'लगान'ला २००२ मध्ये ज्याने हरवलं तो बोस्नियाचा 'नो मॅन्स लँड' बघ. युद्धात समोरासमोरच्या बाजूंचे सैनिक एकाच खंदकात अडकले आहेत आणि तिसरा एक जण सुरुंगावर पडून आहे. तो हलला तर सगळे संपले. 'लगान' त्याहून रंगतदार आहे यात मला शंका नाही, पण तो दुसरा धारदार आहे. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' ज्या वर्षी गेला, त्या वर्षी 'सन ऑफ सॉल' जिंकला. तिथे मी गप्पच बसते. छळछावणीच्या त्या सिनेमानंतर मला दोन दिवस दुसरं काही बघवलं नाही. आणि तरी नागपूरच्या वीरा साथीदारांनी साकारलेला लोकशाहीर माझ्या यादीत त्या वर्षी पहिलाच राहिला. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'च्या वर्षी अर्जेंटिनाचा 'द सीक्रेट इन देअर आइज' जिंकला, तो तर तुला नक्की आवडेल. खुनाचा तपास आहे.

मोंढ्यात मोसंबीचा भाव ठरतो, तो त्या दिवशी किती गाड्या आल्या आणि घेणारे कोण उभे होते यावर. फळात रस किती, ते घरी नेऊन कापल्यावर कळतं. पुरस्काराचंही मी एवढंच धरते. भाव खोटा नसतो, तो त्या दिवसाचा असतो.

मागच्या खेपेचं तुझं भांडण आठवतंय? 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'ला कानमध्ये ग्रां प्री मिळाला आणि आपल्या फिल्म फेडरेशनच्या समितीने ऑस्करला 'लापता लेडीज' पाठवला. तुम्ही पोरांनी दोन तट पाडले, एकमेकांच्या आयाबहिणी काढल्या. आणि दोन्ही सिनेमांत छाया कदम होत्या! एकीकडे स्टेशनवर चहा-भजी विकणारी मंजूमाई, दुसरीकडे मुंबईतली खोली सोडून कोकणात परतणारी पार्वती. 'फँड्री', 'सैराट'पासून ही बाई काम करतेय. तुझ्या एकाही निरोपात तिचं नाव नव्हतं. चाहत्याने भांडावं, त्यात मजा आहे, पण नटाचं काम दिसायचं थांबेल इतकं भांडू नये. आणि शिव्या तर मुळीच नकोत. परीक्षक समितीतली माणसंही कुणाची तरी आत्या असतात.

सप्टेंबरात दिल्लीला राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले तेव्हा साडी नेसून मंचावर गेलेल्या त्या चिमुकल्या त्रिशा ठोसरचा व्हिडिओ तू मला लगेच पाठवलास. तो मी चार जणींना दाखवला. पण तिला ज्या सिनेमासाठी पुरस्कार मिळाला तो 'नाळ २' तू बघितलास का? सर्वोत्कृष्ट बालचित्रपटही तोच ठरला होता. विचारलं तर म्हणालास, "बघू सवडीने." जिंकला तेव्हा व्हिडिओ, हरला तेव्हा शिव्या, आणि सिनेमा मात्र सवडीने. हे मला खटकतं. कारण आपल्यासारख्या गावांत पुरस्काराचा खरा उपयोग एवढाच, की ज्या नावाकडे कुणी ढुंकून बघितलं नसतं ते नाव आपल्या कानावर येतं. रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं'ला मागच्या वर्षी सनडान्सला ज्युरीचं मोठं पारितोषिक मिळालं नसतं, तर वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेल्या पोराची ती गोष्ट माझ्यापर्यंत कशी पोचली असती? आपल्याकडे असा सिनेमा लागला तर दुपारचा एखादा खेळ मिळतो, आणि त्याला माणसं नसली की शुक्रवारी पोस्टर उतरतं. तिथे तुझं एक तिकीट अमेरिकेतल्या दहा हजार मतांपेक्षा जास्त कामाचं आहे.

बाहुलीचं वेड मलाही आहे, खोटं कशाला बोलू. पण तिची पुढची गोष्टही माहीत असू दे. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं. २०१२ मध्ये त्यांनी ते अकादमीकडे परत पाठवलं, कारण आपल्यामागे ते इथे नीट सांभाळलं जाईल याची त्यांना खात्री नव्हती. आणि त्यांची शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही. 'संत तुकाराम'ला १९३७ मध्ये व्हेनिसला मिळालेलं मानपत्र मध्ये कित्येक वर्षं गहाळच होतं. ते २००४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे परत आलं. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम मात्र त्या सगळ्या काळात लोक बघतच होते.

आता कामाचं. १५ मार्चला तिकडे सोहळा आहे. आपल्याकडे म्हणजे १६ ला भल्या पहाटे. तोपर्यंत पाचांतले निदान दोन सिनेमे बघ, आणि रीतसर बघ, मित्राच्या पेनड्राइव्हवरचा चोरीचा माल नको. छत्रपती संभाजीनगरला दर हिवाळ्यात अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो. जालन्याहून साठेक किलोमीटर, रेल्वेने तास-दीड तास. परतूरहून तू थेट गाडीत बस, मी जालन्याला चढते. दिवसाला तीन-चार सिनेमे होतात, डबा माझ्याकडे. दादाला मी सांगते, परीक्षेच्या नावाखाली त्याने आडवं यायचं नाही. वहिनीला म्हणावं, तूही चल.

आणि एक यादी कर. २०२५ मध्ये तू बघितलेले तुझे पाच सिनेमे, क्रमाने, प्रत्येकापुढे दोन ओळी, का ते. "भारी", "कडक", "खतरनाक" हे शब्द चालणार नाहीत. माझी यादी तयार आहे, त्यात 'होमबाउंड' दुसरा आहे. पहिला कुठला, ते तुझी यादी हातात पडल्याशिवाय सांगणार नाही.

तुझी,
आत्या