बाळाच्या डोक्याचा आकार : खर्च कुठे करायचा, कुठे थांबायचं

बाळंतिणीच्या खोलीत बाळाच्या डोक्यावर सगळ्यांचाच हक्क. न्हाऊ घालणारी बाई तेलाच्या हाताने ते गोल करू बघते, आजी टाळू भरते, आत्या मोहरीची उशी शिवून पाठवते. मग दोन-अडीच महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, ‘‘डोकं एका बाजूला चपटं नाही का गं दिसत?’’ काही घरांत त्याच रात्री मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि आठवडाभरात सीटी स्कॅन, डोक्याला आकार देणारं हेल्मेट अशी चौकशी होते. काही घरांत ‘‘होईल गोल आपोआप’’ म्हणत सहा-आठ महिने जातात. पहिल्या घरात नको तो खर्च होतो. दुसऱ्या घरात कधी कधी नेमका गरजेचा उपचार हातातून निसटतो. दोन्ही टाळायला जे लागतं ते सर्वांत स्वस्त आहे : नेहमीचे एकच डॉक्टर, मापाची टेप आणि लसीच्या प्रत्येक फेरीला कार्डावर लिहिलेला आकडा.

आधी प्रश्न ओळखा

बाळाची कवटी अखंड नसते. हाडांच्या पाट्यांमध्ये शिवणी असतात आणि त्या मोकळ्या असल्यामुळेच मेंदूला वाढायला जागा मिळते. आकार बिघडण्याची कारणं प्रामुख्याने दोन.

पहिलं आणि पुष्कळ जास्त आढळणारं कारण म्हणजे एकाच कुशीला मान टाकून झोपल्यामुळे आलेला चपटेपणा. यात शिवणी मोकळ्याच असतात. वरून पाहिलं तर डोकं कललेल्या चौकोनासारखं दिसतं आणि चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला असतो. जन्मानंतर डोकं ठीक होतं आणि चपटेपणा नंतर आला, असा इतिहास बहुधा मिळतो.

दुसरं कारण म्हणजे एखादी शिवण वेळेआधीच मिटणं. डॉक्टर याला क्रेनिओसिनोस्टोसिस म्हणतात. साधारण दोन ते अडीच हजार जन्मांत एका बाळाला हे होतं. डोक्याच्या मधोमध पुढून मागे जाणारी शिवण मिटण्याचं प्रमाण सर्वाधिक. मग डोकं लांबट, नावेसारखं होतं. कपाळावरची मिटली तर कपाळ त्रिकोणी दिसतं. हा आकार बहुतेकदा जन्मापासूनच जाणवतो आणि बाळाची कूस बदलून सुधारत नाही.

हा फरक जाणत्या डॉक्टरांच्या हाताला आणि नजरेला बहुतेक वेळा तपासणीतच कळतो. त्यासाठी लागते ती तुमच्या बाळाची जुनी नोंद, आणि पैसे वाचतात ते इथेच.

नियमित तपासणी : किती फेऱ्या, किती पैसे

सरकारी वेळापत्रकात जन्मानंतर ६, १०, १४ आठवडे, ९ महिने आणि १६ ते २४ महिने अशा लसी आहेत. खासगी डॉक्टर ६ आणि १२ महिन्यांनाही बोलावतात. म्हणजे पहिल्या वर्षात सहा-सात वेळा बाळ तपासणीच्या टेबलावर जातंच. डोकं मोजायला वेगळी फेरी लागत नाही, फक्त मागावं लागतं : ‘‘डॉक्टर, डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहाल का?’’

जन्मावेळी घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे २ सेंटिमीटर वाढतो, पुढचे तीन महिने १ आणि नंतर अर्धा. वर्षाचं बाळ ४५-४६ सेंटिमीटरपर्यंत पोचतं. पण सुटा आकडा फारसं काही सांगत नाही. आलेखावरची रेषा सांगते. रेषा अचानक वर चढली तर डोक्यात पाणी साठतंय का, हे बघावं लागतं. खाली घसरली तर मेंदूच्या वाढीची किंवा शिवणींची शंका येते. मधली शिवण मिटलेल्या बाळाचा घेर मात्र अगदी नॉर्मल, कधी जास्तही भरू शकतो. म्हणून टेपच्या जोडीला डॉक्टरांचा हातही डोक्यावरून फिरायला हवा.

खर्चाचं म्हणाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालय अशा सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ठिकाणी १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. घरी येणाऱ्या आशाताईंच्या भेटी मोफत. खासगी बालरोगतज्ज्ञांची फी तालुक्याच्या गावी साधारण २०० ते ४०० रुपये, पुण्या-मुंबईत ५०० ते १,००० किंवा अधिक. लसीच्या दिवशी काही जण वेगळी तपासणी फी घेत नाहीत, तेव्हा विचारून घ्या. दर वेळी नवा डॉक्टर गाठला की फी तीच लागते, पण आधीची रेषा हरवते आणि नव्या डॉक्टरांना शंका फेडायला स्कॅनकडे वळावं लागतं.

बिनपैशाचा उपचार

चपटेपणा असेल तर पहिला उपचार घरातच होतो. झोपवायचं पाठीवरच, पण आज डोकं पलंगाच्या एका टोकाला, उद्या दुसऱ्या. दार, खिडकी, आई ज्या बाजूला असेल तिकडे बाळ वळतं, त्याचा उपयोग करा. जागेपणी, तुमच्या नजरेसमोर, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पोटावर खेळवा. झोळीत तासन्‌तास एकाच कुशीवर ठेवू नका.

बाळ एकाच बाजूला मान वळवत असेल तर मानेचा स्नायू आखडला आहे का, हे डॉक्टरांकडून बघून घ्या. असेल तर फिजिओथेरपिस्टकडून दोन-चार फेऱ्यांत व्यायाम शिकून घेता येतो. शहरात एका फेरीला साधारण ३०० ते ८०० रुपये पडतात. व्यायाम घरीच, दुपटं बदलताना करायचे असतात, त्यामुळे महिनाभराचं पॅकेज घेण्याआधी नेहमीच्या डॉक्टरांशी बोला.

मोहरीच्या उशीवर मात्र पैसे घालवू नका, घरी शिवलेलीही वापरू नका. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली कुठलीच उशी सुरक्षित नाही, श्वास कोंडण्याचा धोका असतो. डोक्याला आकार देणाऱ्या उशांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये पालकांना उघड इशारा दिला. मालीश करणाऱ्या मावशींनाही गोडीत सांगा : तेल लावा, पण डोकं दाबू नका. दाबल्याने मिटलेली शिवण उघडत नाही.

स्कॅन आणि हेल्मेट : थांबून विचारायच्या दोन जागा

तपासणीत साधा चपटेपणा दिसत असेल तर बहुतेक बाळांना एक्स-रेही लागत नाही. थ्रीडी सीटी स्कॅनला खासगीत काही हजार रुपये पडतात आणि बाळाला गुंगी द्यावी लागली तर तो खर्च वेगळा. पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे किरणोत्सर्ग. म्हणून एक प्रश्न विचाराच : ‘‘या स्कॅनमुळे पुढचा निर्णय बदलणार आहे का?’’ शस्त्रक्रियेची शक्यता असेल तर उत्तर ‘हो’ असतं आणि मग स्कॅन जिथे शस्त्रक्रिया होणार त्याच रुग्णालयाच्या सांगण्यानुसार करावा. नाहीतर तो दुसऱ्यांदा काढायची वेळ येते.

हेल्मेटचं प्रकरण आपल्याकडे अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या फोटोंमधून आलं. तिथे १९९२ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याचा सल्ला दिला गेला. झोपेतले अचानक मृत्यू घटले, पण चपट्या डोक्यांच्या तक्रारी वाढल्या आणि हेल्मेटचा व्यवसायही. हेल्मेट मापावर बनतं, दिवसाचे २३ तास घालावं लागतं आणि त्याचा खर्च पाच आकडी रकमेपासून लाखाच्या पलीकडेही जातो. नेदरलँड्समध्ये मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेल्या बाळांचे दोन गट करून तुलना झाली. हेल्मेट घातलेली आणि न घातलेली मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. हा अभ्यास २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. फारच तीव्र चपटेपणात डॉक्टर हेल्मेट सुचवू शकतात, पण ते सांगणारा माणूस हेल्मेट विकणारा नसावा.

आपल्या उन्हाळ्यात दिवसभर हेल्मेट म्हणजे घाम, पुरळ आणि वारंवार फिटिंगच्या फेऱ्या. कोटेशनमध्ये फिटिंग आणि दुरुस्ती धरली आहे का, हे लेखी घ्या.

शिवण मिटली असेल, तर तारीख महत्त्वाची

इथे थांबणं महागात पडतं. दुर्बिणीने, छोट्या छेदातून होणारी शस्त्रक्रिया साधारण तीन-चार महिन्यांच्या आत उत्तम जमते. त्यात रक्तस्राव आणि रुग्णालयातला मुक्काम कमी, पण नंतर काही महिने हेल्मेट लागतं आणि डोकं वाढेल तसं कधी दुसरंही. हा काळ गेला की सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान मोठी, खुली शस्त्रक्रिया उरते. त्यात रक्त चढवावं लागण्याची शक्यता जास्त आणि अतिदक्षता विभागातला मुक्कामही धरावा लागतो. म्हणूनच ६ आणि १० आठवड्यांच्या लसीची फेरी मोलाची. त्या वेळी शंका आली तर दोन्ही पर्याय हातात असतात.

खासगी रुग्णालयात हे बिल काही लाखांत जातं. अंदाजपत्रक मागताना ठोक आकड्यावर समाधान मानू नका. विचारा : न्यूरोसर्जन आणि प्लास्टिक सर्जन दोघांची फी यात आहे का? लहान मुलांच्या भूलतज्ज्ञाची? अतिदक्षता विभागाचे किती दिवस धरले आहेत? हाडाला विरघळणाऱ्या पट्ट्या लावणार असाल तर त्यांची किंमत? नंतरचं हेल्मेट? रक्तासाठी रक्तपेढी फक्त प्रक्रिया शुल्क घेऊ शकते, रक्ताची किंमत नाही.

पैसे कुठून : योजना, धर्मादाय, विमा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. डॉक्टरांकडून शस्त्रक्रियेचं नेमकं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ते कोणत्या पॅकेजमध्ये बसतं, हे अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. मदतवाहिनी १५५३८८. बाळाचा जन्मदाखला आणि रेशनकार्ड जवळ ठेवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम : २०१३ मध्ये याची सुरुवात पालघरमधून झाली. त्याची तपासणी पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. त्यांच्या जन्मजात दोषांच्या यादीत कवटीच्या शिवणीचं वेगळं नाव नाही. तरीही बाळ दाखवा, कारण जिल्हा केंद्राकडे पाठवण्याची चिठ्ठी तिथून मिळू शकते.

धर्मादाय रुग्णालयं : राज्यातल्या अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा आणि दाखल होण्यापूर्वी रुग्णालयाच्या समाजसेवकाला भेटा. बिल झाल्यावर सवलत मिळवणं अवघड जातं.

आरोग्य विमा : पॉलिसीत ‘बाह्य जन्मजात दोष’ बहुधा वगळलेला असतो, ‘अंतर्गत’ नसतो. डोक्याचा आकार दिसतो म्हणून कंपनी बाह्य म्हणते, शिवण आत मिटली म्हणून डॉक्टर अंतर्गत म्हणतात. पूर्वमंजुरीसाठी डॉक्टरांकडून निदान, मेंदूवरच्या दाबाचा धोका आणि शस्त्रक्रियेची वैद्यकीय गरज स्पष्ट लिहून घ्या. केवळ ‘डोक्याचा आकार सुधारणे’ असं लिहिलं की सौंदर्य शस्त्रक्रिया म्हणून दावा फेटाळायला वाव मिळतो. कंपनीने तक्रार ऐकली नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. नोकरीच्या सामूहिक पॉलिसीत बाळाचं नाव जन्मानंतर लगेच घाला.

शस्त्रक्रियेनंतरही डॉक्टर तेच

सर्जन मोठ्या शहरात आणि घर सातारा, परभणी किंवा रत्नागिरीला असेल तर खरा खर्च एसटीचा, लॉजचा आणि बुडालेल्या रोजाचा. टाके बघणं, घेर मोजणं, हिमोग्लोबिन, वाढीचे टप्पे तपासणं ही कामं गावातले डॉक्टर करू शकतात. सर्जनशी फोनवर दुवा जोडून दिला तर काही फेऱ्या वाचतात. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात सर्दी-ताप आला तर गाडीत बसण्याआधी गावातल्या डॉक्टरांनाच दाखवा, नाहीतर रुग्णालयातून परत यावं लागतं.

एक बाब हमखास निसटते. शस्त्रक्रियेत रक्त चढवलं असेल तर गोवर-रुबेलाची लस नीट लागू पडावी म्हणून ती काही महिने पुढे ढकलावी लागू शकते आणि ९ महिन्यांचा डोस नेमका याच काळात येतो. रक्त कधी आणि कोणतं दिलं, हे डिस्चार्ज कार्डवर आहे ना, बघा. पुढची काही वर्षं डोळ्यांच्या मागच्या पडद्याची तपासणी आणि डोक्याची वाढ यांवर लक्ष ठेवावं लागतं. त्या तारखा लसीच्या कार्डावरच लिहा.

उशीर नको, थेट रुग्णालय

टाळू फुगून ताठ होणं, वारंवार उलट्या, सतत झोपाळलेपणा किंवा न थांबणारं रडणं, डोळे खाली वळलेले राहणं, झटके : यांपैकी काही दिसलं तर लसीच्या तारखेची वाट पाहू नका.

फाइलमध्ये काय हवं

लसीचं कार्ड, तारखेसह घेराचे आकडे, दर महिन्याला वरून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेले चार फोटो, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, स्कॅनची सीडी. मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत तुमच्या वाट्याला दहा मिनिटं येतात. ही फाइल उघडी असेल तर त्या दहा मिनिटांत ‘‘हे कधीपासून आहे?’’ हे विचारण्यात वेळ जात नाही, निर्णय होतो.