गाणं ऐक, पण फोन पर्समध्ये

छोटे, सोमवारपासून तुझं आर्वीचं अपडाउन सुरू. गाण्यांची यादी तुझ्या मनात तयार असणार, हे मला न सांगता कळतं. ऐक बाई, जरूर ऐक. एकटीच्या रस्त्याला गाण्याची केवढी सोबत असते ते मला ठाऊक आहे. फक्त गाणं निवडायचं काम अंगणातच उरकून निघत जा.

हे का सांगते, ते घरात आजवर कुणाजवळ बोलले नाही. दोन वर्षांमागची गोष्ट, कापसाचे दिवस होते. खरांगण्याहून परत येत होते. सांज झालेली, दिवे लावावेत की नाही अशी वेळ. लागलेलं गाणं नको वाटलं म्हणून मांडीवरचा फोन उचलला आणि दोनदा बोट सरकवलं. मान वर केली तर समोर कापसाची बंडी. मागे ना दिवा, ना रेडियमची पट्टी. ब्रेक दाबला, गाडी तिरपी होऊन थांबली, आणि काचेपुढे नुसता पांढरा कापूस. बंडीवाल्या काकांनी वळून पाहिलं, काही बोलले नाहीत, बैलांना हाकत निघून गेले. माझे पाय इतके लटपटत होते की पाव तास तिथेच निंबाखाली बसून होते. नंतर हिशेब केला. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला १६ मीटरच्या वर जाते. माझी नजर ४ सेकंद खाली होती म्हटलं, तर ६५ मीटरहून जास्त रस्ता मी न बघता कापला. त्या रस्त्यावर रोही आडवे येतात, रानडुकरं येतात. त्यांना तेवढा वेळही लागत नाही.

म्हणून रविवारीच गाडी सुरू करून, हँडब्रेक ओढून बस आणि फोन ब्लूटूथनं जोड. कॉल गाडीत ऐकू येतो पण गाणं मात्र फोनमध्येच वाजतं, असं झालं तर घाबरू नकोस. ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये गाडीच्या नावावर जा, तिथे कॉल आणि मीडिया ऑडिओ अशी दोन वेगळी बटणं असतात. त्यातलं दुसरं बंद राहिलेलं असतं. आवाज बारीक वाटला तर आधी फोनचा वाढव, मग गाडीचा. आणि जंगलाच्या पट्ट्यात नेटवर्क दगा देतं, गाणं मधेच अडकतं आणि हात आपोआप फोनकडे जातो. त्यावर उपाय एकच, यादी घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवायची. बऱ्याच ॲपमध्ये त्याला पैसे पडतात. मी भरते, मला ते पैसे पेट्रोलइतकेच गरजेचे वाटतात.

एकदा निघालीस की फोन पर्समध्ये आणि पर्स मागच्या सीटवर. पुढचं गाणं हवं तर स्टिअरिंगवरचं बटण अंगठ्यानं दाबायचं, नाहीतर गुगल असिस्टंटला तोंडी सांगायचं. त्याला मराठी कळतं. पण ओव्हरटेक करताना किंवा आंजीच्या गर्दीतून जाताना तेही नको. तो ऐकेना की आपण चिडतो, आणि लक्ष तिकडेच जातं. कानात इअरफोन तर कधीच घालू नकोस, मागून आलेल्या एसटीचा हॉर्न कानावर पडायला हवा.

कायद्याचंही सांगून ठेवते. २०१९ च्या दुरुस्तीपासून गाडी चालवताना हातातला मोबाइल वापरणं म्हणजे धोकादायक वाहन चालवणं. पहिल्याच खेपेला १००० ते ५००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. हातातला फोन चालतो तो फक्त रस्ता बघायला, तोही लक्ष ढळू न देता. पण मला खरी भीती त्या बंडीची वाटते.

एक काम राहिलं. गाडीला अजून बाबांचाच फोन आठवतो. परवा ते अंगणात आत्याशी बोलत होते, मी गाडी सुरू केली आणि आत्याचा आवाज गाडीत! बाबा बिचारे हॅलो हॅलो करत राहिले. सोमवारी सकाळी तुझंही तसंच होईल, आणि तू घाईत फोन घेऊन खटपट करत बसशील. त्यांचा फोन यादीतून काढून टाकू. गाडी त्यांची आहे, त्यांना वाईट वाटेल, ते मी बघते. तू रविवारी जेवायच्या आधी ये.